बनगरवाडीची शाळा

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' ही कादंबरी १९५५ साली पुस्तकरूपाने आली. मराठीच्या शिक्षकांनी ती बहुधा वाचलेली असते. विज्ञानाच्या शिक्षकांनीही ती वाचावी, आणि तीही कार्यकारणाचा शोध म्हणून वाचावी, असे मला वाटते.

डी.एड., बी.एड.च्या पुस्तकांत बालकाच्या विकासावर परिणाम करणारे घटक एकाखाली एक दिलेले असतात : कुटुंब, शाळा, सवंगडी, समाज. गैरहजेरीच्या कारणांत 'पालकांची उदासीनता' ठरलेलीच. आता या कारणाची परीक्षा करून पाहा. मूल शाळेत येत नाही, यावरून पालक उदासीन ठरतात. आणि पालक उदासीन, म्हणून मूल येत नाही! अंगात ताप आहे म्हणून अंग गरम आहे, असे म्हणण्यासारखेच हे झाले.

कादंबरीतली वाडी औंध संस्थानातल्या माणदेशातली. हा दुष्काळी मुलूख आज सातारा, सांगली आणि सोलापूर या जिल्ह्यांत विभागला आहे. एक कोवळा मास्तर धनगरांच्या वस्तीवर रुजू होतो, तर शाळेत मुलेच नाहीत. ती मेंढरांमागे गेलेली असतात. मेंढरे राखणारा पोरगा हा त्या घराच्या मिळकतीचा भाग आहे. म्हातारा कारभारी शब्द टाकतो तेव्हा मुले येऊ लागतात. मास्तर मोठ्या माणसांची कागदाची, पैशाची कामे करतो, भांडणात पडतो, आणि त्यातून शाळेला पत येते. पुढे गाव तालीमही उभारते. मग पाऊस दगा देतो. माणसे मेंढरे घेऊन बाहेर पडतात आणि शाळा ओस पडते.

इथे मला प्रयोगशाळेची आठवण होते. मास्तर तोच, पालक तेच, गावही तेच; बदलला तो पाऊस. एकाच वर्षात हे पालक उदासीन झाले, असे कोण म्हणेल? कादंबरी म्हणजे पुरावा नव्हे, हे खरे. पण कारण कुठे शोधावे हे ती नेमके दाखवते.

अमेरिकेत जेम्स कोलमन यांनी सुमारे ६ लाख विद्यार्थ्यांची पाहणी करून १९६६ मध्ये अहवाल दिला. मुलांच्या यशातला फरक शाळेच्या साधनांपेक्षा घरच्या परिस्थितीशी अधिक जुळतो, असे त्यात दिसले. 'मग शाळेच्या हाती काय उरले?' असा त्याचा अर्थ घाईने काढला जातो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. तिथे निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहिली, जेवली, राबली. त्यांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले. भाऊरावांनी मुलांना शाळेबरोबर घरही दिले, असे मी म्हणेन. कोलमनचा निष्कर्ष याने खोटा पडत नाही. उलट त्याचा उपयोग कसा करावा हे कळते.

कादंबरीत एक उणीव मात्र आहे, आणि ती शिक्षकाला खटकायला हवी. कारभारी, आयबू, आनंदा रामोशी ही माणसे वाचून झाल्यावरही मनात राहतात. शाळेतले एकही मूल तसे राहत नाही. अंजी लक्षात राहते ती चोळीच्या प्रकरणामुळे, विद्यार्थिनी म्हणून नव्हे. मुले काय शिकली, कुठे अडली, हे आपल्याला समजत नाही. माडगूळकरांना गाव रंगवायचे होते, म्हणून त्यांना दोष देणार नाही. पण शाळेचा अभ्यास म्हणून पाहता तो अर्धाच राहतो.

उरलेला अर्धा आजच्या शिक्षकाला लिहिता येईल. हंगामात बीडकडची ऊसतोड कुटुंबे सातारा-सांगलीच्या कारखान्यांवर येतात, तेव्हा तिकडच्या पटावर गैरहजेरी लागते आणि इकडच्या पटावर नाव नसते. खानापूर-आटपाडीकडची पोरे गलाईच्या दुकानांत परप्रांती जातात. हजेरीपटाशेजारी एक साधी वही ठेवावी : मूल कोणत्या तारखेपासून येत नाही, त्या आठवड्यात घरात कोणते काम निघाले होते, पाऊस किती झाला होता, आणि परत आल्यावर ते कोणत्या धड्यापाशी अडले.