तिरका रानपिंगळा

फोटो तिरका आहे. सालईचं वठलेलं झाड डावीकडून उजवीकडे कललंय, मागची सातपुड्याची कडही त्याच उतारानं खाली आली आहे, आणि वरच्या एका फांदीच्या टोकाला मुठीएवढं घुबड बसलंय. मोबाइलच्या पडद्यावर पाहिलं तर वाळक्या पानांचा पुंजका वाटावा. जानेवारीतल्या एका सकाळी, तोरणमाळच्या रस्त्यावर, गाडीच्या मागच्या सीटवरून माझ्या सुनेनं हा फोटो काढला. पाच महिन्यांचं बाळ तेव्हा तिच्या मांडीवर दूध पीत होतं.

मी चित्रकलेचा मास्तर. शाळेतल्या पोरांच्या चित्रांमधली क्षितिजरेषा सरळ करण्यात माझी सगळी नोकरी सरली. तरी हा फोटो सरळ करू नये, असं माझं म्हणणं आहे. घरच्या माणसाला सासरा सवलत देतोय, अशी शंका येणं साहजिक आहे. म्हणून आधी तिचे आणखी दोन फोटो समोर ठेवतो आणि मग या पिंगळ्याकडे येतो.

बाळंतपणाआधी ती रविवारी उजाडायच्या आत कॅमेरा घेऊन बाहेर पडायची. दिवाळीनंतर माहेराहून बाळाला घेऊन आली, तेव्हापासून घरचं घड्याळ तेल-पाण्यावर चालतं. मालीश, अंघोळ, धुरी, दूध आणि मग झोप. ती झोप लागेपर्यंत साडेदहा होतात. पक्ष्यांचे फोटो काढणारे या वेळेला कॅमेरा पिशवीत घालतात, कारण ऊन डोक्यावर येतं, सावल्या काळ्या पडतात आणि पिसांचा रंग उडतो. हिच्या वाट्याला नेमकं तेच ऊन आलं. कॅमेराही बदलला. जड लेन्स कपाटात गेली आणि एका हातात मावणारा, लांब झूमचा ब्रिज कॅमेरा बाहेर आला.

पहिला फोटो मिरचीच्या पथारीचा. नंदुरबारच्या बाजारात मिरची ओली येते आणि गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर वाळते. हिवाळ्यात त्या बाजूनं गेलं की जमीन लाल दिसते आणि घसा खवखवतो. पथारीजवळ तान्ह्या बाळाला नेता येत नाही, ठसका लागतो. त्यामुळे बाप बाळाला घेऊन वाऱ्याच्या वरच्या अंगाला लांब उभा राहिला आणि हिनं रस्त्याच्या अलीकडूनच फोटो घेतला. चौकटीत आभाळ नाही, क्षितिज नाही. वरपासून खालपर्यंत लाल, आणि त्यावर एक पांढरा धोबी. थंडीत येणारा पाहुणा, काळा-पांढरा, मिरच्यांवरून तुरुतुरु चालणारा.

सकाळच्या कोवळ्या उन्हात हा फोटो निघाला असता तर लाल रंग नारिंगीकडे झुकला असता आणि सगळं गोडसर झालं असतं. कॅलेंडरवाल्यांना आवडलं असतं. इथे ऊन डोक्यावर आहे, म्हणून प्रत्येक मिरचीखाली तिची बारीक काळी सावली पडली आहे. लाल सपाट राहत नाही, खरबरीत होतो, डोळ्यांना झोंबतो. पक्ष्याच्या छातीवरचा काळा पट्टा त्याच काळ्यातून उचलल्यासारखा दिसतो. उजव्या वरच्या कोपऱ्यात मिरची वर-खाली करणाऱ्या बाईचा हात आला आहे. नुसता हात आणि पदराचं टोक. अंतर इतकं की हात आणि पक्षी एकाच मापाचे झालेत. दोघंही त्या लालात आपापलं काम करताहेत. ही बरोबरी जवळ जाऊन साधली नसती. जवळून काढला असता तर पक्ष्याचं पोर्ट्रेट निघालं असतं आणि मिरची नुसती पार्श्वभूमी झाली असती.

दुसरा फोटो घरातला. बाळ झोपतं त्या खोलीच्या खिडकीला जाळी आहे आणि जाळीच्या कोपऱ्यात कोळिष्टकं. ती झाडून घेण्यावरून आमच्या घरात एरवी बोलणी होतात. फेब्रुवारीत शिंजिराची मादी तिथे येऊ लागली. नर जांभळा-निळा झळकतो, मादी मात्र मळकट करडी, पोटाशी फिकी पिवळी. कुणी तिच्याकडे ढुंकून बघत नाही. घरटं विणायला तिला कोळ्याचं जाळं लागतं. फोटोत तिनं बाकदार चोचीत जाळ्याचा धागा धरून ताणलाय, आणि सगळ्या चौकटीत स्पष्ट काय असेल तर तो धागा. पक्षी अर्धवट फोकसमध्ये. पुढे खिडकीच्या जाळीचा राखी धूसर पट्टा, मागे दोरीवर वाळत घातलेली दुपटी आणि लंगोट, तीही पुसट. रंगाचे नुसते डाग. नवख्याच्या हातून फोकस चुकतो तेव्हा असा फोटो निघतो, हे मला माहीत आहे. पण चुकलेला फोकस कुठे पडेल याचा नेम नसतो. इथे तो त्या धाग्यावर, चोचीपासून जाळीपर्यंत, आखून दिल्यासारखा आहे. शटरचा आवाज बंद होता, कारण दोन हातांच्या अंतरावर बाळ झोपलं होतं.

घरटं परसातल्या तारेला लोंबत होतं, आमच्या डोळ्यांसमोर. त्याचा एकही फोटो नाही. निसर्गाच्या फोटोंचा इतिहास पाहिला तर घरटं त्यात अगदी आधीपासून आहे. इंग्लंडच्या यॉर्कशायरमधले रिचर्ड आणि चेरी कीर्टन हे भाऊ 1892 मध्ये पक्ष्याच्या घरट्याचा फोटो काढून या नादाला लागले आणि 1895 मध्ये प्रत्यक्ष निसर्गात काढलेल्या फोटोंचं पुस्तक त्यांनी छापून आणलं. पक्षी बुजू नयेत म्हणून त्यांनी कातड्याचा पोकळ बैल बनवून घेतला होता आणि त्याच्या पोटात बसून फोटो काढायचे! आज घरट्याचे फोटो बऱ्याच स्पर्धा घेत नाहीत, आणि ते योग्यच आहे. घरट्यासमोर माणूस ठाण मांडून बसला की पाखरू पिलांकडे यायला कचरतं, आणि माणूस बघतोय तिथे कावळाही बघतो. सुनेनं स्पर्धेचा नियम म्हणून फोटो टाळला नाही. मी विचारलं तर म्हणाली, "बाबा, पाहुणे आले आणि बाळाच्या तोंडासमोर मोबाइल धरला की मला कसं होतं?" मी पुढे विचारलं नाही.

या दोन फोटोंच्या मानानं घरात सगळ्यांना आवडतो तो खंड्याचा. चोचीत मासा, पाण्याचे थेंब हवेत, डोळ्यात उजेडाचा ठिपका. लग्नाआधीचा आहे. मोठा करून दिवाणखान्यात लावलाय. फोटो निर्दोष आहे आणि मला कंटाळवाणा वाटतो.

आता पिंगळा. त्याची ओळख फोटोत पटते का, हे आधी बघायला हवं, कारण या पक्ष्याच्या बाबतीत फोटो हा नुसता शोभेचा प्रकार नाही. आपल्या घराच्या वळचणीला दिसतो तो साधा पिंगळा, डोक्यावर पांढरे ठिपके असलेला. रानपिंगळ्याचं डोकं जवळपास ठिपक्यांविना असतं, पंखांवर रुंद आडवे पट्टे, छाती गडद, पोटाचा खालचा भाग पांढराशुभ्र आणि पाय पिसांनी झाकलेले, जाडजूड. तिच्या फोटोत डोकं स्वच्छ तपकिरी दिसतं, पंखाचे पट्टे मोजता येतात.

एफ. आर. ब्लेविट यांनी 1872 मध्ये आजच्या छत्तीसगडाच्या बाजूला हा पक्षी मिळवला आणि ॲलन ह्यूम यांनी 1873 मध्ये त्याचं वर्णन छापून ब्लेविट यांचं नाव त्याला दिलं. पुढे जेम्स डेव्हिडसन यांनी 1880 च्या दशकात आपल्या खानदेशातून नमुने पाठवले. त्यानंतर पक्षी दिसेनासाच झाला. मधे एक फोटो रानपिंगळ्याचा म्हणून पुढे आला होता, तो साध्या पिंगळ्याचा निघाला. शोधणाऱ्यांची दिशाभूल आणखी एका गोष्टीनं केली. रिचर्ड माइनर्त्झहागेन नावाच्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहात 1914 सालचा, गुजरातेतल्या मांडवीचा म्हणून एक नमुना होता. अमेरिकेतल्या पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसन यांनी तो तपासला, तेव्हा तो डेव्हिडसन यांचाच, संग्रहालयातून चोरून नव्यानं भरलेला आणि खोटी चिठ्ठी लावलेला निघाला. मांडवी यादीतून गेली आणि जुनी, खरी ठिकाणं उरली. 25 नोव्हेंबर 1997 च्या सकाळी शहाद्याजवळच्या रानात रासमुसन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांना पर्णहीन झाडावर बसलेला रानपिंगळा दिसला. 113 वर्षांनी. त्यांनी लगेच व्हिडिओ कॅमेरा चालू केला, कारण नुसत्या डोळ्यांच्या साक्षीवर जगानं विश्वास ठेवला नसता. तेव्हा नंदुरबार जिल्हा झाला नव्हता. तो पुढच्या वर्षी, 1 जुलै 1998 ला झाला. जिल्ह्याआधी पिंगळा सापडला, असं मी शाळेत पोरांना सांगायचो.

हा पक्षी दिवसा वावरतो, थंडीच्या सकाळी उंच झाडाच्या शेंड्यावर ऊन खात बसतो आणि दहानंतर फारशी हालचाल करत नाही. म्हणजे बाळाच्या अंघोळीची आणि त्याची वेळ एकच. त्या दिवशी अंघोळ चुकली. "एक दिवस पारोसं राहिलं तर काय होतं," असं बाळाची आजीच म्हणाली, हे इथे नोंदवून ठेवतो. गाडी थांबली, इंजिन बंद झालं. बाळ पीत होतं. ओढून काढावं तर रडणार, रडलं की पक्षी उडणार. डाव्या कोपरावर बाळाचं डोकं, काच अर्धी खाली, उजव्या हातातला कॅमेरा काचेच्या कडेवर टेकवलेला. बाळाच्या बाजूला खांदा कललेला, म्हणून चौकट कललेली.

आता फोटोतलं तोंड पाहा. झाड कललंय, डोंगर कललाय, पक्ष्याचं धडही झाडाबरोबर कललंय. पण पिंगळ्यानं मान नेमकी उलट्या बाजूला वाकवली आहे. खाली काही हललं की घुबडं अशी मान कलती करून अंदाज घेतात. त्यामुळे उतरत्या चौकटीत एकच गोष्ट सरळ आहे, ती म्हणजे त्याचा चेहरा. संगणकावर फोटो सरळ केला की झाड उभं राहील, डोंगर आडवा होईल आणि चेहरा वाकडा होईल. मी करून पाहिलं. एक घुबड झाडावर बसलंय, एवढाच मजकूर उरतो.

शिवाय शेपूट. डोकं रेखीव आणि शेपटीच्या जागी धूसर फराटा. सावज हेरताना रानपिंगळा शेपूट भराभर दोन्ही बाजूंना हलवतो. शटरचा वेग जास्त ठेवला असता तर ही हालचाल गोठली असती. वर स्तब्ध नजर, खाली अस्वस्थ शेपूट. नजर आपल्याकडे नाही, जमिनीकडे आहे. त्याच्या खाण्यात निम्म्याहून जास्त पाली, सरडे, सापसुरळ्या असतात, म्हणजे तिथे काय असावं याचा अंदाज करता येतो. कॅमेऱ्यात डोळे रोखून बघणाऱ्या घुबडांचे फोटो पुष्कळ मिळतात. त्यांना बहुधा कुणीतरी बोलावलेलं असतं.

हा फोटो पाहून बायका म्हणतात, आईनं आईचा फोटो काढला. तिला ते मान्य नाही. मलाही नाही. एक तर तो नर की मादी हे फोटोवरून सांगता येत नाही. दुसरं, तिनं या पक्ष्याबद्दल वाचलंय. नव्वदच्या दशकाअखेरीपासून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या फराह इश्तियाक, गिरीश जठार आणि असद रहमानी यांनी रानपिंगळ्यावर काम केलं, त्यात तोरणमाळचं रानही होतं. घरट्यावर असताना नर शिकार आणून देतो, मादी पिलांना भरवते, महिन्याभरात पिलं बाहेर पडतात. आणि नरानं स्वतःचंच पिलू खाल्ल्याचीही नोंद आहे. ही नोंद तिनं नवऱ्याला मुद्दाम ऐकवली आणि म्हणाली, "तू आपली गाडीच चालव." फोटोतही लाडिकपणा नाही. फांदी वठलेली आहे, मागचं रान विरळ आहे, आणि पक्ष्याला आपलं काही देणंघेणं नाही. तळोद्याच्या बाजूचं मोठं रान नव्वदच्या दशकात सरदार सरोवराच्या विस्थापितांना वसवण्यासाठी मोकळं झालं. त्या माणसांनाही जागा हवीच होती. अतिक्रमण आणि तोड वेगळीच. हे ठाऊक असणाऱ्याला त्या चौकटीतलं रिकामं आभाळ नुसतं सुंदर दिसत नाही.

फोटो छापायचा तर आहे तसा, न कापता, न सरळ करता, आणि निदान वीतभर मोठा छापावा. त्याखाली जागेचं नाव घालू नये. तिनं घातलेलं नाही, मीही रस्त्यापलीकडे काही सांगितलेलं नाही. रानपिंगळा मेळघाटात, यावलला, तानशात, मध्य प्रदेशात आणि डांगातही सापडला, 2018 मध्ये त्याचा दर्जा अतिसंकटग्रस्तावरून संकटग्रस्त असा झाला, तरी जगातली त्याची संख्या हजाराच्या आतच मानली जाते. जानेवारी-फेब्रुवारी हा त्याच्या जोडीचा काळ. त्या दिवसांत मोबाइलवर त्याचा आवाज वाजवला की तो लगेच धावून येतो, घर राखायला. तुम्ही तोरणमाळला जाल तर दहाच्या आत पोहोचा, इंजिन बंद करा, काच खाली घ्या आणि तो आवाज वाजवू नका.