गेलेल्यांचे स्वच्छ हात

अमीन मालूफ यांची 'ले देझोरियाँते' ही फ्रेंच कादंबरी २०१२ साली आली. इंग्रजी अनुवादासाठी २०२० उजाडावे लागले. नावातच खोच आहे. रूढ अर्थ 'दिशा हरवलेले', पण त्या फ्रेंच शब्दाच्या पोटात 'ओरियाँ', म्हणजे पूर्व, दडलेली आहे. ज्यांची पूर्वच हरवली, अशा माणसांची ही गोष्ट.

मालूफ मूळचे लेबनॉनचे, अरबी ख्रिस्ती. यादवी युद्ध पेटल्यावर १९७६ साली ते पॅरिसला गेले. त्यांचा नायक आदम हाही युद्ध सुरू होताच मायदेश सोडतो आणि पॅरिसमध्ये इतिहासाचा प्राध्यापक होतो. (देशाचे नाव कादंबरीत कुठेच नाही, तरी तो लेबनॉन हे उघड आहे.) तिथे त्याला प्रतिष्ठा आहे, सहचरी आहे, अत्तिलाचे चरित्र लिहायचे काम आहे. एके दिवशी फोन येतो : मुराद मरणाला टेकला आहे. मुराद हा एकेकाळचा जिवलग मित्र. त्याच्याशी आदमने संबंध तोडलेले. आदम पोहोचण्याआधीच तो जातो. पुढचे सोळा दिवस म्हणजे ही कादंबरी.

मुरादच्या घराच्या गच्चीवर जमणारे ते मित्र आता विखुरलेत. नाव वाचून आपल्याला आपलाच वाटणारा नईम इथे यहुदी आहे, आणि तो ब्राझीलला आहे. अल्बर्ट अमेरिकेत. बिलाल लढाईत मारला गेला. त्याचा भाऊ निदाल कट्टर धार्मिक बनला आहे. लेखकाने त्याला मूर्ख वा क्रूर रंगवलेले नाही, ही मोठीच गोष्ट, पण त्याला जागा मात्र फार थोडी दिली आहे.

खरा पेच मुरादचा आहे. युद्धात त्याचे वडिलोपार्जित घर बळकावले गेले. ते परत मिळवण्यासाठी त्याने बलदंडांशी हातमिळवणी केली, पुढे मंत्री झाला, हात बरबटले. आदमचे हात स्वच्छ राहिले, कारण तो तिथे नव्हता. देशाने नागरिकाला दिलेला शब्द मोडला तर नागरिकही मोकळा, असा त्याचा युक्तिवाद. ऐकायला तो बिनतोड वाटतो. परंतु जो उरला, त्याने घर कसे राखायचे होते? सत्तेचाळीसनंतर ज्यांच्या घरातला एक भाऊ कराचीला गेला आणि दुसरा इथेच राहिला, त्यांना हा प्रश्न नवा नाही. हिजरत करणाऱ्याच्या कहाण्या लिहिल्या जातात. मागे राहिलेल्याच्या वाट्याला येतात त्या तडजोडी.

माझी तक्रार इथेच आहे. आदमची टिपणवही पानोपानी आपल्यासमोर उलगडते. मित्रांची पत्रेही येतात. मुराद मात्र पहिल्याच पानांत मरतो. आरोपीची साक्षच होत नाही, आणि निकाल इतिहासाच्या प्राध्यापकाकडे! त्याची विधवा तानिया त्याची बाजू मांडते, पण तीही शोकाच्या भरात. मालूफ यांना हे असंतुलन जाणवले असावे. आदमच्या नैतिकतेला ते अधूनमधून टोचतात, पण लगेच त्याला सावरूनही घेतात. सेमिरामिसच्या हॉटेलातली प्रकरणे तर निव्वळ लाड आहेत.

मुरादच्या आठवणीत सगळ्या मित्रांनी पुन्हा जमायचे ठरते. ती बैठक भरतच नाही. वाटेत मोटारीला अपघात होतो आणि प्राध्यापक आदम ना जिवंत ना मृत अशा अवस्थेत पडून राहतो.