आत्मीयतेची शिकवण : ‘कासव’ आणि जोतिबाचा डोंगर

चैत्र पौर्णिमेला वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर सासनकाठ्या नाचू लागल्या की त्या गर्दीत एखाद्या बाईच्या अंगात येते. भोवतालची माणसे गोंधळत नाहीत. कोणी तिला सावरते, कोणी पाणी देते, वारे ओसरेपर्यंत कोणी जवळ बसून राहते. ही रीत त्यांना कोणी वर्गात शिकविलेली नसते. परंतु त्याच गर्दीत जगणे नकोसे झालेला एखादा तरुण मुकाट्याने उभा असेल, तर त्याला ओळखण्याची खूण या परंपरेजवळ नाही. मानसिक संकटात सापडलेल्यास आधार देण्याचे शिक्षण सामान्य माणसांना का द्यावे, याचे उत्तर या उणिवेत आहे.

सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या ‘कासव’ या चित्रपटाचा विषय हाच आधार होय. २०१६ सालच्या सर्वोत्कृष्ट कथापटाचे राष्ट्रीय पारितोषिक त्याला लाभले. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या तरुणाला जानकी आश्रय देते. ती त्याचे नावगाव खोदून विचारीत नाही, की उपदेशही करीत नाही. वाळूत अंडी घालून कासवीण समुद्रात परतते आणि पिलांची राखण परकी माणसे करतात. ही प्रतिमा चित्रपटाचा आशय नेमका व्यक्त करते. प्रश्न न विचारणे हीही एक शुश्रूषा आहे, हे त्याने मराठी प्रेक्षकाला प्रथमच इतक्या संयमाने दाखविले.

तथापि येथेच एक आक्षेप संभवतो. जानकीचे शहाणपण तिच्या स्वतःच्या नैराश्यातून आलेले आहे. शिवाय तिच्यापाशी गाडी आहे, समुद्रकाठचे घर आहे, रिकामा वेळ आहे. पन्हाळा तालुक्यातील शेतमजूर स्त्रीपाशी यांपैकी काहीच नाही. करुणा हा केवळ स्वभावधर्म मानला, तर ती सुस्थित माणसांची मिरास ठरते.

नाशिक जिल्ह्याच्या पेठ तालुक्यात २०१३ साली सुरू झालेल्या ‘आत्मीयता’ उपक्रमाने ही मिरास मोडली. गावातीलच विश्वासाची माणसे निवडून त्यांना दुःखिताचे ऐकून घेण्यास, चार ते सहा बैठकींत धीर देण्यास, सरकारी योजनांचा लाभ मिळवून देण्यास आणि गंभीर रुग्णाला डॉक्टरांकडे पोहोचविण्यास शिकविले गेले. करुणेला येथे पायऱ्या मिळाल्या. परंतु शेवटची पायरी स्वयंसेवकाच्या हाती नसते. डॉक्टर पल्ल्याबाहेर असला, तर सारा भार त्या बिनपगारी माणसावर पडतो. अशा वेळी प्रशिक्षण हे शासनाच्या उणिवेवरील पांघरूण होण्याचा धोका आहे.

उलट, सारे देवस्थानावर सोपविणे हाही मार्ग नव्हे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याजवळच्या आश्रयगृहाला आग लागली आणि साखळदंडांनी जखडलेले २८ मनोरुग्ण मृत्युमुखी पडले. श्रद्धेने त्यांना जागा दिली होती. माणूस म्हणून वागविण्याची शिकवण मात्र तेथे नव्हती.

डोंगरावरील गुरव, दुकानदार, वाहनचालक यांना असे शिक्षण द्यावयाचे झाल्यास परंपरेतील सोबत, ‘कासव’मधील मौन आणि ‘आत्मीयते’ची शिस्त या तिहींचा मेळ घालावा लागेल. अंगात आलेल्या बाईजवळ बसून राहणाऱ्यांना जवळ बसणे शिकवावयास नको. कोणाजवळ बसावयाचे आणि तेथून पुढे कोणाकडे न्यावयाचे, एवढेच शिकवावयाचे आहे.