८ कोटींची मुदतठेव

२०२२ च्या आयपीएलमध्ये मुंबई इंडियन्सने पहिले ८ सामने ओळीने घालवले. १४ पैकी जिंकले ४, नंबर दहावा, म्हणजे शेवटचा! अन् हे ५ वेळचे विजेते, बरं का! संघाच्या क्रिकेट कारभाराचे संचालक तेव्हा आमच्या श्रीरामपूरचे झहीर खान, म्हणून आम्ही नगरकर जरा जपूनच बोलतो. पण कारकुनाची नजर जमाखर्चावर जाणारच. दुखापतीमुळे आर्चर त्या वर्षी खेळणार नाही, हे ठाऊक असूनही लिलावात त्याच्यावर ८ कोटी मोजले. म्हणजे मुदतठेव! अन् घरखर्चाला काय? बुमराहच्या जोडीला धड गोलंदाज नाही. मुंबईने सोडलेला बोल्ट राजस्थानने घेतला, तोही ८ कोटींनाच, अन् थेट अंतिम सामना गाठला. आर्चर २०२३ त आला, ५ सामने खेळून अर्ध्यावर परतला. ठेव मुदतीआधीच मोडली. व्याज? २ बळी.