अंत नसलेल्या खेळाचे आकर्षण : 'एलीट' आणि अवकाश-व्यापाराच्या खेळांची परंपरा

प्रास्ताविक

मराठी समीक्षेने नाटक व चित्रपट या कलांची चर्चा विस्ताराने केली. संगणकीय खेळ मात्र तिच्या कक्षेत फारसे आलेले नाहीत. वेळेचा अपव्यय किंवा हिंसेचा संस्कार एवढ्यापुरताच त्यांचा विचार बहुधा केला जातो. तथापि काही खेळांच्या रचनेतूनच एक जीवनदृष्टी व्यक्त होत असते. अवकाशयानातून ग्रहाग्रहांदरम्यान मालाची ने-आण करणे, वाटेत चाच्यांशी लढणे आणि मिळालेल्या नफ्यातून यान सुधारत जाणे, असे स्वरूप असलेले मुक्तान्त खेळ त्यांपैकी होत. या खेळांना शेवट नाही, विजयाची घोषणा नाही आणि पुढे काय करावे हे सांगणारेही कोणी नाही. असे असूनही चाळीस वर्षांहून अधिक काळ खेळाडू त्यांत रमत आले आहेत. या आकर्षणाचे कारण म्हणून सामान्यतः 'स्वातंत्र्य' हा शब्द पुढे केला जातो. हे उत्तर कितपत पुरेसे आहे, याची 'एलीट' हा खेळ व त्याची परंपरा यांच्या आधारे तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

फ्रेंच विचारवंत रॉजे काय्वा यांनी १९५८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात खेळाची दोन टोके कल्पिली आहेत : एक उत्स्फूर्त, कल्पनाप्रधान क्रीडेचे आणि दुसरे नियमांनी बांधलेल्या खेळाचे. मराठी घरातील परिचित उदाहरणे द्यावयाची तर पहिल्या टोकाला भातुकली आहे आणि दुसऱ्या टोकाला सारीपाट. भातुकली कोणी जिंकत नाही, ती कंटाळा येईपर्यंत चालते. सारीपाट मांडला जातो तो जिंकण्यासाठीच. अवकाश-व्यापाराच्या खेळांचे वैशिष्ट्य असे, की त्यांत भातुकलीचा अनिर्बंध काळ आणि सारीपाटाचा काटेकोर हिशेब एकत्र आले आहेत. या संयोगातच त्यांच्या आकर्षणाचे मूळ शोधावे लागते.

'एलीट'ची घडण

'एलीट' हा खेळ केंब्रिज विद्यापीठातील डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल या दोन विद्यार्थ्यांनी रचला. एकॉर्नसॉफ्ट या संस्थेने तो सप्टेंबर १९८४ मध्ये बीबीसी मायक्रो या संगणकासाठी प्रसिद्ध केला. या संगणकाची स्मृती अवघी ३२ किलोबाइट होती. त्या काळचे बहुतेक खेळ काही मिनिटांत संपत असत. खेळाडूला मोजकी 'आयुष्ये' मिळत आणि शेवटी गुणसंख्या दाखवली जाई. 'एलीट'ने ही चौकट मोडली. खेळाडूच्या हाती 'कोब्रा' जातीचे एक यान आणि शंभर 'क्रेडिट' एवढे भांडवल देऊन त्याला लाव्हे या ग्रहाच्या स्थानकावर सोडून दिले जाते. पुढचे सर्व त्याच्या मर्जीवर.

या विश्वात आठ आकाशगंगा असून प्रत्येकीत २५६ ग्रह, म्हणजे एकूण २,०४८ ग्रह आहेत. एवढी माहिती ३२ किलोबाइटमध्ये साठवणे अशक्यच होते. म्हणून रचनाकारांनी ती साठवलीच नाही. तीन संख्यांच्या एका बीजावर फिबोनाची मालिकेसारखी क्रिया करून प्रत्येक ग्रहाचे नाव, स्थान, अर्थव्यवस्था व शासनपद्धती गरजेनुसार निर्माण केली जाई. बीज तेच असल्यामुळे ग्रहही दर वेळी तोच निघे. याच पद्धतीने सुमारे २८१ लाख कोटी आकाशगंगा निर्माण करता आल्या असत्या. मात्र एवढ्या पसाऱ्यात ग्रहांमधील एकसुरीपणा उघडा पडेल, हे ओळखून प्रकाशकांनी ही संख्या आठवर आणण्याचा आग्रह धरला, असे या खेळाच्या इतिहासात नोंदलेले आहे. हा तपशील केवळ तांत्रिक नाही. अफाटपणा हेच आकर्षण असते, तर तो आग्रह मान्य करण्याचे कारण नव्हते.

मर्यादा आणि मोकळीक

'एलीट'मधील स्वातंत्र्याचा अनुभव प्रत्यक्षात मर्यादांतून घडतो. यानाची इंधनटाकी पूर्ण भरली तरी एका उड्डाणात सात प्रकाशवर्षांपलीकडे जाता येत नाही. कोठारात प्रारंभी वीस टन माल मावतो. प्रगतीची नोंद फक्त स्थानकात उतरल्यावरच करता येते. त्यामुळे दोन स्थानकांमधील प्रत्येक क्षणी मागील सर्व श्रम पणाला लागलेले असतात. स्थानक स्वतःभोवती फिरत असते आणि त्याच्या अरुंद दारातून यान आत न्यायचे तर त्या गतीशी आपली गती जुळवावी लागते. चाच्यांशी दोन हात करून सुखरूप परतलेला खेळाडू स्थानकाच्या भिंतीवर आदळून नष्ट होतो, हा या खेळातील नेहमीचा अनुभव.

एक साधे उदाहरण घेता येईल. लाव्हे हा संपन्न शेतीप्रधान ग्रह आहे, तर जवळचा झाओन्स हा औद्योगिक. लाव्हेवरून धान्य न्यावे आणि झाओन्सवरून संगणक आणावेत, हा नवशिक्याचा पहिला व्यापार. शंभर क्रेडिटमध्ये होणारा नफा अगदी किरकोळ असतो. पण त्यातूनच पुढे मोठे कोठार, चांगली तोफ आणि स्थानकात आपोआप उतरवणारे यंत्र घेता येते. हे यंत्र मिळाल्यावर होणारा आनंद ज्याने हाताने यान उतरवताना अनेकदा ते गमावले आहे, त्यालाच कळू शकतो. मोकळीक ही येथे दान म्हणून मिळत नाही. ती मिळवावी लागते. मिळवलेली असल्यामुळेच तिला मोल येते.

नंतरच्या खेळांनी या मताला पुष्टीच दिली आहे. २०१६ च्या 'नो मॅन्स स्काय' या खेळात ग्रहांची संख्या दोनच्या ६४ व्या घाताएवढी, म्हणजे मानवी आयुष्याच्या हिशेबात अनंतच होती. तरीही प्रारंभी त्यावर पुनरावृत्तीची व रितेपणाची टीका झाली. पुढील काळात रचनाकारांनी त्यात वसाहती उभारण्याची, इतरांसमवेत खेळण्याची सोय केली, तेव्हाच त्याच्याविषयीचे मत पालटले. ग्रहांची संख्या तेवढीच राहिली. बदलले ते ग्रहांशी खेळाडूचे नाते.

बाजाराचा आभास

'एलीट'वर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. थॅचर यांच्या कारकिर्दीतील ब्रिटनची व्यक्तिवादी, बाजारनिष्ठ विचारसरणीच या खेळातून प्रकट होते, असा तो आक्षेप. काळाचा मेळ लक्षणीय आहे. खेळ प्रसिद्ध झाला तेव्हा मार्च १९८४ मध्ये सुरू झालेला खाणकामगारांचा संप चालू होता आणि ब्रिटनमधील बेकारांची संख्या तीस लाखांच्या वर होती. अशा वेळी शंभर क्रेडिट व स्वतःचे यान घेऊन नशीब काढणाऱ्या एकट्या व्यापाऱ्याची कथा लोकप्रिय व्हावी, हा केवळ योगायोग म्हणता येणार नाही.

परंतु या बाजाराची रचना बारकाईने पाहिली असता वेगळेच चित्र दिसते. 'एलीट'मध्ये मालाचा भाव ग्रहाच्या अर्थव्यवस्थेवरून आणि थोड्याशा यादृच्छिक चढउतारावरून ठरतो. खेळाडूने एकाच ग्रहावर शंभर खेपा टाकल्या तरी तेथील बाजार कोसळत नाही. त्याला प्रतिस्पर्धी व्यापारी नाही, सावकार नाही, कामगार नाही, मक्तेदारही नाही. म्हणजे भांडवलशाहीत जे जे दुःखदायक आहे, ते ते येथून वगळलेले आहे. हे भांडवलशाहीचे प्रतिरूप नव्हे, तिची परीकथा आहे. कष्ट करणाऱ्याला त्याच्या कष्टाच्या प्रमाणात फळ मिळते, असे जग प्रत्यक्षात कोठेही नव्हते आणि नाही. खेळात ते आहे. या खेळांचे गहन आकर्षण या न्याय्य हिशेबात आहे, असे म्हणावे लागते.

या परीकथेला एक काळी बाजूही आहे. 'एलीट'च्या बाजारातील सतरा वस्तूंच्या यादीत धान्य व कापड यांच्याबरोबरच 'गुलाम' ही वस्तू आहे आणि तिच्यापुढेही इतर मालासारखाच भाव लिहिलेला आहे. गुलाम, मादक पदार्थ आणि शस्त्रे हा निषिद्ध माल असल्याने तो घेऊन निघणाऱ्याची नोंद गुन्हेगार म्हणून होते व पोलीस त्याचा पाठलाग करतात. मात्र ही शिक्षा म्हणजे व्यवहारातील आणखी एक जोखीम, एवढाच तिचा अर्थ उरतो. त्या गुलामाला चेहरा नाही, आवाज नाही. खेळ काहीच सांगत नाही, हे त्याचे नैतिक स्वातंत्र्य मानावे की नैतिक पळवाट, हा प्रश्न समीक्षकाला टाळता येत नाही. खेळाडूला निवड करू दिल्याने ती निवड आपोआप नैतिक होत नाही. तीमुळे कोणावर काय ओढवते हे जेथे दिसतच नाही, तेथे निवडीचे रूपांतर केवळ हिशेबात होते.

स्मरण असलेले विश्व

'एलीट'च्या विश्वाला स्मरणशक्ती जवळजवळ नाही. खेळाडूच्या नावावरील गुन्हे आणि त्याने पाडलेल्या यानांची संख्या तेवढी लक्षात ठेवली जाते. ६,४०० याने पाडली की त्याला 'एलीट' ही सर्वोच्च पदवी मिळते. पण ग्रह त्याला ओळखत नाही. २००३ साली आइसलंडमधील सीसीपी या संस्थेने सुरू केलेल्या 'ईव्ह ऑनलाइन' या खेळाने ही उणीव दूर केली. येथे हजारो खेळाडू एकाच विश्वात वावरतात. बहुतेक याने व माल खेळाडूंनीच तयार केलेला असतो, भावही त्यांच्याच देवघेवीतून ठरतात आणि नष्ट झालेले यान परत येत नाही.

याचा परिणाम २७ व २८ जानेवारी २०१४ रोजी झालेल्या लढाईत दिसून आला. एका प्रदेशावरील ताब्याचे देयक वेळेवर भरले गेले नाही, एवढ्या निमित्ताने सुमारे २१ तास युद्ध चालले. साडेसात हजारांहून अधिक खेळाडू त्यात उतरले आणि नष्ट झालेल्या यानांचे मूल्य सुमारे तीन लाख डॉलर असल्याचा अंदाज वर्तवला गेला. येथे कृतीला खरे परिणाम आहेत. परंतु त्याचबरोबर परीकथाही संपली आहे. प्रतिस्पर्धी आले, मक्तेदारी आली, संघटनांची शिस्त आली आणि विरंगुळ्याला नोकरीचे रूप येऊ लागले. विश्वाला स्मरण दिले की न्याय्य हिशेब टिकत नाही आणि न्याय्य हिशेब टिकवायचा तर विश्वाला विस्मृतीत ठेवावे लागते, हा या प्रकारच्या खेळांतील मूलभूत पेच होय.

समारोप

या पेचातून वाट काढल्याचे एक उदाहरण रचनाकारांनी नव्हे, तर खेळाडूंनी घालून दिले आहे. डिसेंबर २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'एलीट डेंजरस' या खेळात आपल्या आकाशगंगेचे पूर्ण आकाराचे प्रतिरूप असून त्यात सुमारे ४० हजार कोटी तारकासमूह आहेत. खेळाडूंनी अद्याप त्यांपैकी एक टक्काही पाहिलेले नाहीत. या पोकळीत इंधन संपून अडकलेल्यांच्या मदतीला 'फ्युएल रॅट्स' या नावाने एकत्र आलेले खेळाडू धावून जातात. ते दूरवर प्रवास करून अनोळखी व्यक्तीला इंधन देतात आणि त्याचा मोबदला घेत नाहीत. असे कार्य करावे, असा खेळाचा कोणताही आदेश नव्हता.

या उदाहरणात इंधनाची तीच जुनी मर्यादा पुन्हा आढळते. १९८४ मध्ये तिने व्यापाऱ्याला हिशेब शिकवला; येथे ती परस्परांच्या मदतीचे निमित्त झाली. यावरून असे दिसते, की मुक्तान्त खेळाचे मोल त्याच्या विस्तारात नाही किंवा नुसत्या मोकळिकीतही नाही. आपल्या कृतीचा भार कोणावर तरी पडतो, ही जाणीव तो खेळ कितपत जागी ठेवतो, यावर ते अवलंबून असते. यादीतील गुलामाचा चेहरा ज्या खेळाने दाखवला नाही, त्याच्याच वारशातील एका खेळात अनोळखी माणसासाठी कोणी वाट वाकडी करते, ही बाब म्हणूनच महत्त्वाची ठरते. संगणकीय खेळांकडे केवळ व्यसन किंवा करमणूक म्हणून पाहणाऱ्या दृष्टीला ती दिसणार नाही. त्यासाठी या खेळांचे वाचन साहित्यकृतीइतक्याच गांभीर्याने आणि तितक्याच कठोरपणे होणे आवश्यक आहे.