मार्शल की सुपरपेव्ह? आधी प्रश्न तपासा

पीएचडीच्या पहिल्या वर्षी माझ्या सिनॉप्सिसमध्ये एक वाक्य होतं: ‘सुपरपेव्हने डांबर कमी लागतं, म्हणून ती पद्धत सरस.’ गाइड सरांनी एवढंच विचारलं, “कमी डांबर म्हणजे चांगला रस्ता, हे कुठे दाखवलंस?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. ही चूक तुमच्याकडून होऊ नये म्हणून हे लिहितोय.

आधी मार्शल. १९३९ च्या सुमारास मिसिसिपीच्या महामार्ग विभागात ब्रूस मार्शल यांनी ही पद्धत मांडली. पुढे अमेरिकी लष्कराच्या अभियंत्यांनी धावपट्ट्यांसाठी ती विकसित केली. साडेचार किलोचा हातोडा, ४५७ मिमी उंचीवरून, जड वाहतुकीसाठी दोन्ही बाजूंना ७५-७५ ठोके. मग ६० अंश सेल्सिअसला नमुना दाबून स्टॅबिलिटी आणि फ्लो मोजायचे. साधनं स्वस्त आहेत, साइटवरच्या लॅबमध्येही काम होतं. म्हणूनच आपल्याकडे ती टिकून आहे. पण हातोडा ठोकतो, रोलर मळतो. ठोक्यांनी खडी तशी सरकून बसत नाही. शिवाय स्टॅबिलिटी जास्त आली म्हणजे रस्त्यावर चाकोरी पडणार नाही, याची खात्री नाही.

सुपरपेव्ह १९८७ ते १९९३ च्या अमेरिकी संशोधन कार्यक्रमातून आली. तिथे साचा किंचित कलवून ६०० किलोपास्कल दाबाखाली फिरवतात. हे रोलरच्या कामाच्या जास्त जवळचं आहे. पण तिचं रोजचं डिझाइन मुख्यतः पोकळ्यांच्या हिशेबावर चालतं. ताकदीची चाचणी त्यात नाही.

आता माझी चूक बघा. दोन्हीकडे लक्ष्य साधारण ४ टक्के हवेच्या पोकळ्यांचं होतं. दाबणं वाढवलं की तेवढ्याच पोकळ्या कमी डांबरात मिळतात. म्हणजे माझा निष्कर्ष पद्धतीबद्दल नव्हताच, मी निवडलेल्या फेऱ्यांच्या संख्येबद्दल होता! फेऱ्या कमी केल्या असत्या तर तो उलटलाही असता. अमेरिकेतल्या काही राज्यांनी मिश्रण कोरडं पडतं म्हणून फेऱ्या कमी केल्याच. कोरडं मिश्रण चाकोरीला टिकेल, पण तडे लवकर जातील.

मग तुलना कशी करायची? खडी तीच, डांबर तेच ठेवा. दोन्ही डिझाइनचे नमुने रोलरनंतर रस्त्यात राहतात तेवढ्या, म्हणजे साधारण ७ टक्के पोकळ्यांना बनवा. मग चाकोरी, तडे आणि पाण्याचा परिणाम, तिन्ही चाचण्या घ्या.

डांबराचं प्रमाण हे डिझाइनचं उत्तर आहे, रस्त्याच्या दर्जाचा पुरावा नाही. सिनॉप्सिस लिहिताना हे वाक्य समोर चिकटवून ठेवा.