ड्रॉइंगमास्तरांची सुटी

आपल्याकडील कलासमीक्षेची एक जुनी खोड आहे. चित्र चौकटीत बसून भिंतीवर चढल्याखेरीज तिला ते दिसत नाही. प्रदर्शन भरले, उद्‌घाटनाची भाषणे झाली, की आम्ही लेखण्या सरसावतो आणि आशय, आकार, अवकाश यांची चर्चा सुरू करतो. चित्रकाराच्या खांद्यावरच्या पिशवीत जी वही असते, जिच्या पानांवर चहाचे ओघळ आणि कोपऱ्यात एस. टी.च्या भाड्याचा हिशेब असतो, तिची दखल घ्यायची ती त्याच्या पश्चात. आणि तेव्हाही मोठ्या चित्राची पूर्वतयारी म्हणून. वहीतले रेखाटन स्वतःच्या बळावर उभे राहू शकते, त्याला स्वतःचे गुणदोष असतात, आणि ते पारखणे हे समीक्षेचेच काम आहे, असे मला वाटते. म्हणून यंदाच्या दिवाळीत प्रदर्शने बाजूला ठेवून मी वऱ्हाडातील काही वह्यांविषयी लिहिणार आहे.

ह्या वह्या अमरावती आणि अकोला येथील चित्रकला-शिक्षकांच्या आहेत. त्यांच्या मंडळीला नाव नाही, अध्यक्ष नाही, वर्गणी नाही. दिवाळीची सुटी लागली, की ही दहा-बारा माणसे एकमेकांना कळवतात. कधी अकोल्यात असदगडाच्या बुरुजाखाली, कधी अमरावतीत परकोटाच्या जवाहर गेटापाशी, तर कधी दोन्ही गावांच्या मधोमध मूर्तिजापूरला जमतात आणि दिवसभर रेखाटत बसतात. सुटी संपत आली, की कुणाच्या तरी शेतावर गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजले जातात, वांग्याची भाजी होते आणि सगळ्यांच्या वह्या हातोहात फिरतात. मला चित्र काढता येत नाही. परंतु वह्या पाहायला ते मला बोलावतात. गेल्या पाच-सहा दिवाळ्यांतील पाने मी अशी पाहिली आहेत. माणसे खासगी आहेत, म्हणून त्यांची नावे लिहीत नाही. पानांविषयी मात्र मोकळेपणाने लिहितो.

ह्या पानांचे मोल कळण्यासाठी त्यांचे कर्ते वर्षभर काय करतात, हे आधी ध्यानात घेतले पाहिजे. ज्यांना चित्रकार म्हणून जगायचे होते, त्यांतले बहुतेक मुंबईला किंवा नागपूरला गेले. मागे उरला तो ड्रॉइंगमास्तर. स्नेहसंमेलनाचा पडदा त्याने रंगवायचा, फळ्यावरचा सुविचार त्याने लिहायचा, पाहुणे आले की रांगोळी त्याने काढवून घ्यायची. आणि ह्या सगळ्यावर एलिमेंटरी व इंटरमीजिएट ह्या दोन ग्रेड परीक्षा: वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन. त्यांतले स्मरणचित्र हे नावाप्रमाणे स्मरणाचे चित्र असायला हवे. प्रत्यक्षात ते पाठांतराचे चित्र होते. 'दिवाळी' हा विषय आला, तर डावीकडे कौलारू घर, वर आकाशकंदील, अंगणात रांगोळी, उजवीकडे फुलबाजी धरलेला मुलगा, मागे साडीतली आई. मूल अकोट फैलातले असो, अचलपूरचे असो, की दर्यापूरच्या खारपाणपट्ट्यातले. अंगण तेच आणि आईही तीच. मास्तरांना हे ठाऊक असते. तरी ते तेच शिकवतात, कारण त्याला गुण मिळतात. सुटीतली वही ही त्यांनी स्वतःच्याच शिकवणुकीवर काढलेली तक्रार असते, असे मी समजतो. म्हणून तिची कसोटीही तिथेच लागते: साचा कुठे मोडला, आणि कुठे तो नकळत परत आला?

परत आल्याची उदाहरणे आधी घेऊ. मूर्तिजापूरची पाने पाहा. यवतमाळ, मूर्तिजापूर आणि अचलपूर यांना जोडणारी नॅरोगेज गाडी, आमची 'शकुंतला', आता बंद पडली आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी वऱ्हाडचा कापूस मोठ्या लोहमार्गाकडे वाहून नेण्यासाठी ती घातली गेली आणि १९९४ पर्यंत ती वाफेच्या इंजिनावर धावत होती. ह्या मंडळीतील प्रत्येकाच्या वहीत शकुंतला आहे. जी गाडी धावत नाही, तिचा धूरही आहे! गवतात बुडालेले रूळ कुणी पाहून काढलेले नाहीत. जुन्या छायाचित्रावरून इंजिन उचलले आहे आणि त्यावर हळहळीचा एक हलका वॉश दिला आहे. हळहळ खरी असेलही. पण रेषेने समोर काहीच पाहिलेले नाही. ग्रेड परीक्षेतल्या फुलबाजीवाल्या मुलाची जागा इंजिनाने घेतली, इतकेच.

बाळापूरच्या छत्रीचेही बहुतांशी तसेच झाले आहे. मिर्झाराजे जयसिंगांच्या नावाने ओळखली जाणारी, काळ्या दगडाची ही वास्तू नदीकाठी अशी उभी आहे, की तिचे चित्र वाईट येणेच कठीण. खांब मोजून, कमानी जुळवून, पाण्यात प्रतिबिंब टाकून काढलेली आठ-दहा छत्रीचित्रे मी पाहिली. सगळी नीटस आणि सगळी मुकी. अपवाद एका पानाचा. त्यात छत्री कोपऱ्यात ढकललेली आहे आणि जोत्यावर कुणीतरी वाळत घातलेली गोधडी पानाच्या मध्यावर आली आहे. दगडाला दोन-चार रेषा, गोधडीला मात्र टाक्याटाक्यांनी वेळ दिलेला. राजाची छत्री आज कोणाच्या उपयोगाची आहे, हे त्या पानाने एका शब्दावाचून सांगितले. हे चित्र काढणारा मनुष्य त्या दिवशी खरोखर सुटीवर होता.

अंतर जितके वाढते तितकी ही पाने उथळ होतात, असा माझा अनुभव आहे. एका वर्षी मंडळी मेळघाटात धारणीकडे गेली. दिवाळीनंतरच्या तिथल्या आठवडी बाजारांत थाट्या, म्हणजे गुराखी लोक, बासरी-ढोलकीच्या तालावर घुंगरू बांधून नाचतात. त्यालाच घुंगरू बाजार म्हणतात. पानांवर रंग उसळले, फेटे आले, घुंगरे आली. माणूस एकही आला नाही. सगळे 'कोरकू' झाले. हा दोष मोठ्यांनाही चुकलेला नाही. रावबहादूर धुरंधर यांच्याएवढी निरीक्षणाची सवय फार थोड्यांना होती. रस्त्यावरची चाल, पदराचा झोक, डोक्यावरच्या भाऱ्याचा तोल त्यांना एका नजरेत गवसे. तरीही रॉथफेल्डच्या १९२० सालच्या 'विमेन ऑफ इंडिया' ह्या पुस्तकासाठी त्यांनी काढलेल्या स्त्रिया पाहताना वाटते, की ह्या जातींच्या आणि प्रांतांच्या प्रतिनिधी आहेत. ही अमुक एक बाई, असे क्वचितच वाटते. मागणीच तशी होती. याउलट नंदलाल बोस यांचे १९३८च्या हरिपुरा काँग्रेससाठी केलेले फलक घ्या. ढोल वाजवणारा, सुतार, शिंपी: इथेही व्यक्तींची नावे नाहीत, परंतु शरीर कामात गुंतलेले आहे आणि रेषा त्या कामाच्या लयीने वळते. नंदलाल खिशात कोरी कार्डे बाळगत आणि दिसेल ते रोज टिपत. त्या रोजच्या टिपणांची शिदोरी फलकांमागे आहे. रोज पाहणे आणि सहलीला जाऊन पाहणे, ह्यांतले अंतर हे असे.

आता ह्या वह्यांतील उत्तम पानांकडे वळतो. ती शेताची आहेत. वऱ्हाडात दिवाळी आणि कापसाची वेचणी एकाच सुमारास येतात. वेचणीच्या आरंभी पऱ्हाटीत सीतादही होते. मग बाया ओटी बांधून तासातासाने पुढे सरकतात, आणि संध्याकाळी वेचलेल्या कापसाचे वजन होते. अकोल्याच्या एका शिक्षकाने ह्या वजनाचे पान काढले आहे. मधे काटा, त्याला लटकलेले गाठोडे, आणि भोवती सहा-सात बाया. चेहरे काढलेलेच नाहीत. नुसत्या माना आहेत, आणि सगळ्या काट्याकडे वळलेल्या. पेन्सिलीचा सर्वांत गडद दाब गाठोड्याच्या गाठीवर आहे. किलोप्रमाणे मजुरी मिळणाऱ्या माणसाचे सगळे लक्ष कुठे असते, हे ह्याहून नेमके कसे सांगावे? आणि ह्याच वहीत, पान उलटताच, तीच वेचणारीण काय होऊन येते! डोळे टपोरे, ओठ रेखीव, कमरेला बाक. दीनानाथ दलालांनी १९४५ साली 'दीपावली' सुरू केले. त्यांच्या आणि रघुवीर मुळगावकरांच्या मुखपृष्ठांवरील सुंदरींनी मराठी घराची नजर दोन पिढ्या घडवली. त्यांचे रंगकौशल्य वादातीत आहे. पण त्यांच्या नायिकेला कापूस वेचायला लावले, की कापूसही खोटा होतो.

ह्या वह्यांवरचा माझा सर्वांत मोठा आक्षेप मात्र रेषेचा नाही, निवडीचा आहे. २००६ साली केंद्र सरकारने विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे साहाय्य जाहीर केले, त्यांत अमरावती आणि अकोला हे दोन्ही होते. कशासाठी, ते वऱ्हाडात कोणाला सांगायला नको. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची बातमी इथे आजही थांबलेली नाही, आणि ह्या शिक्षकांच्या वर्गांत त्या घरांतली मुले बसतात. असे असता शेकडो पानांत पणत्या आहेत, बाजार आहेत, अंबादेवीच्या देवळासमोरची फुले आहेत. अंधारे घर जवळजवळ नाही. मी हे बोलून दाखवले, तेव्हा एक ज्येष्ठ शिक्षक म्हणाले, "वर्षातून पंधरा दिवस आम्ही आनंदासाठी बसतो. तिथेही दुःखच काढायचे काय?" प्रश्न प्रामाणिक आहे, आणि त्याला उडवून लावणे सोपे नाही. दुःखाचाही साचा असतो. भेगाळलेली जमीन, आकाशाकडे पाहणारा म्हातारा, रिकामे ताट: ही चित्रे स्पर्धांतून इतकी झाली आहेत, की तीही आता पाठांतरातून येतात. अशा पानांची भर मला नको आहे.

मला हवे होते ते पान अखेर एका तरुण शिक्षकाच्या वहीत सापडले. त्याचे घर दर्यापूरकडचे, शेतीचे. दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडे गुरांना सजवून गायगोधन करतात. त्या दिवशी त्याने आपल्या घरचा गोठा काढला आहे. गोठ्यात जनावर नाही. दाव्याने घासून गुळगुळीत झालेला एक खुंटा जमिनीतून वर आला आहे, आणि त्याच्या भोवती खुरांनी तुडवून झालेला खळगा. खाली फक्त तारीख. रेखाटन म्हणून ते निर्दोष नाही. भिंतीचा उतार चुकला आहे आणि सावली दोन दिशांना पडली आहे. पण खुंट्याचा तो गुळगुळीतपणा बोटाला जाणवतो. त्याने ना कोणाला रडवले आहे, ना कोणावर आरोप केला आहे. जे होते आणि आता नाही, त्याची जागा तेवढी दाखवली. वही फिरत त्या पानाशी आली, तेव्हा रोडग्यांवर तूप वाढणाराही क्षणभर थांबला. मग कुणीतरी "छान आहे" म्हटले आणि पान उलटले गेले.

हे 'छान' ह्या मंडळीचे दुखणे आहे. एकत्र बसल्याने माणसाला धीर येतो, लाज मोडते, हात चालू राहतो. हे लाभ मोठे आहेत. सिएटलचे पत्रकार-चित्रकार गाब्रिएल काम्पानारिओ यांनी २००७ साली सुरू केलेली शहर-रेखाटनाची चळवळ आज अनेक देशांत पसरली, ती ह्याच बळावर. आणि समोर बसून, प्रत्यक्ष पाहून काढायचे, हा तिचा दंडक आहे. पण सोबतीत भीड असते. मोबाइलवर पान पाठवले, की क्षणात दहा अंगठे वर होतात. त्यांतल्या एकालाही चित्र दिसलेले नसते. खरी समीक्षा ह्या मंडळीला मिळते ती अनाहूतांकडून. मूर्तिजापूरच्या बाजारात एक जण म्हैस काढत होता. मागे उभा असलेला मालक बराच वेळ पाहून म्हणाला, "मास्तर, माह्या म्हशीचं डावं शिंग खाली वाकेल आहे. तुमी तं दोन्ही सारखेच काढले." मास्तरांनी ते शिंग खोडून वाकवले, आणि म्हैस जिवंत झाली. दोन्ही शिंगे सारखी काढणारा हात परीक्षेचा होता. वाकलेले शिंग ज्याला ठाऊक होते, तो रोज तिच्यापाशी असणारा माणूस होता. सौंदर्यशास्त्राचे पुष्कळ ग्रंथ वाचूनही मला साचा आणि प्रत्यय यांतला भेद इतका सरळ सांगता आलेला नाही.

ह्या वह्यांना काचेच्या पेटीत ठेवा, असे मी म्हणणार नाही. पेटीत त्या गुदमरतील. माझी मागणी दुसरी आहे. का. र. मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढल्यापासून शंभराहून अधिक वर्षे दिवाळी अंक मराठी माणसाला दिवाळी कशी दिसते हे दाखवत आले आहेत. त्यांत पणती लावणारी तरुणी पुष्कळ झाली. एखाद्या संपादकाने वऱ्हाडातला तो खुंटा किंवा काट्याकडे वळलेल्या त्या माना छापून पाहाव्यात. आणि मास्तरांनी सुटी संपल्यावर वही कपाटात न ठेवता वर्गात न्यावी, मुलांपुढे उघडावी. पुढच्या परीक्षेत स्मरणचित्राला पुन्हा 'दिवाळी' हाच विषय येईल. एखाद्या मुलाने कौलारू घर सोडून आपल्या घरचे अंगण काढले, त्यातल्या म्हशीचे एक शिंग खाली वाकलेले काढले, तर परीक्षक त्याचे गुण कापतील, असा माझा अंदाज आहे. ते कापले जावेत आणि मास्तरांनी मुलाची पाठ थोपटावी, इतके झाले तरी ही सुटी सार्थकी लागली असे मी मानीन.